न धुतलेले पाय

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका; मी काही तिथं पागोटं बांधून उभा नव्हतो. पण खरी मानून ऐका, मुलांनो. आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीही.

एका राज्यात एका लांबलचक पाटावर बारा गावं वसली होती. पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतात घ्यायचं. जो दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायला उभा राही, त्याच्यासाठी एक रीत होती. शेवटचा वाफा भरल्याशिवाय त्यानं पाय धुवायचे नाहीत. चिखल वाळो, टाचांना भेगा पडोत, घरी पाहुणे येवोत. पाय धुतले म्हणजे काम संपलं, असं सगळे समजत.

पुढे प्रधानानं पाटाच्या तोंडाशी एक लाकडी फळी बसवली आणि अर्धं पाणी आपल्या आमराईकडे वळवलं. अकरा गावांनी कसंबसं भागवलं, पण शेवटचं बारावं गाव कोरडं पडलं. तिथल्या धोंडाई नावाच्या म्हातारीचा गहू वीतभर वाढला आणि पिवळा पडला. आणखी एक हंगाम असाच गेला असता, तर सगळ्या गावाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन परमुलखात जावं लागलं असतं.

राजाच्या सभेत लोकांनी निवडलेली माणसं बसत. बारा गावांनी हात वर करून तुळाजीला निवडलं. तुळाजी साधा शेतकरी, पण जिभेचा तिखट. "प्रधानाला तोंडावर विचारून येतो," असं म्हणून तो तावातावानं निघाला.

पण काय सांगू! सभेच्या दारात चाकरानं ऊन पाण्याचं घंगाळ पुढे केलं. "पाय धुवा, सरकार. इथली रीतच आहे." तुळाजीला उभ्या जन्मात कुणी सरकार म्हटलं नव्हतं. गडी विरघळला. पाय धुतले, मखमली जोडे घातले, लोडाला टेकून बसला. प्रधान गोड हसून म्हणाला, "पाण्याचं ना? बघू की पुढच्या बैठकीला." आणि आमच्या या वाघानं चक्क मान डोलावली!

परत आल्यावर तो जोडे करकर वाजवत बाराव्या गावात गेला. धोंडाई बांधावर बसली होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"पाय धुतलेस व्हय रे, तुळाजी? मग माझा वाफा भरला म्हणायचा."

धरणीनं पोटात घ्यावं असं तुळाजीला झालं. जोडे तिथंच टाकून तो अनवाणी घरी गेला.

पुढची बैठक आली. ती फळी कायमची करायचं फर्मान त्या दिवशी निघणार होतं. मात्र सभेतली एक जरी गादी रिकामी असली, तरी फर्मान निघत नसे. तुळाजीनं सकाळी आपल्या शेतात पाणी फिरवलं आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेला तो तसाच सभेच्या दारात जाऊन उभा राहिला.

चाकरानं घंगाळ पुढे केलं.

"हे पाणी कुठलं?" तुळाजीनं विचारलं.

"पाटाचंच की, सरकार."

"मग ते धोंडाईच्या वाफ्याचं आहे. त्यात पाय बुडवायचा नाही मी. आणि मला सरकार म्हणू नकोस."

"पाय धुतल्याशिवाय आत सोडता येणार नाही."

"नको सोडूस," तुळाजी म्हणाला, आणि उंबऱ्यावरच बसला.

प्रधान तणतणत बाहेर आला. "ही सभा आहे, गोठा नव्हे! तुझी गादी काढून घेईन."

"गादी बारा गावांनी दिलीय. काढायची तर त्यांना जाऊन विचारा."

शिपायांनी त्याला उचलून रस्त्यावर टाकलं. तो धूळ झटकून परत येऊन बसला. पुन्हा टाकलं, पुन्हा बसला. कोणी त्याला हटवादी म्हणाले, कोणी कोडगा. मी तर शहाणा म्हणेन. तीन दिवस बाकीचे सभासद धोतर सावरत त्याला ओलांडून आत जात राहिले.

चौथ्या दिवशी पांढऱ्या मिशांचा एक सभासद त्याच्यापाशी थबकला. तोही मूळचा शेतकरीच, पण तीस वर्षं गादीवर बसून तळपाय लोण्यासारखे मऊ झालेले. "माझ्याकडचा शेवटचा वाफा भरतो की नाही, हे मला ठाऊकसुद्धा नाही रे," तो म्हणाला. त्यानं जोडे काढले आणि तुळाजीशेजारी बसला. त्याला पाहून दुसरा बसला, मग तिसरा. दुपारपर्यंत उंबऱ्यावर बसायला जागा उरली नाही, आणि आत सगळ्या गाद्या रिकाम्या!

शेवटी राजा स्वतः दारात आला. सगळं ऐकून म्हणाला, "ऊठ. आत येऊन बोल."

"येतो, महाराज. पण याच पायांनी येईन."

राजानं एकदा आपल्या पांढऱ्या गालिच्याकडे पाहिलं. मग बाजूला सरून वाट दिली.

गालिच्यावर चिखलाची पावलं उमटली. तुळाजी बोलला, आणि असा बोलला की प्रधानाला तोंड लपवायला जागा राहिली नाही. दिवस मावळायच्या आत फळी उखडली गेली. राजानं हुकूम काढला, की यापुढे पाणी आधी बाराव्या गावाला, आणि प्रधानाच्या आमराईला सगळ्यांच्या मागून.

धोंडाईचा शेवटचा वाफा काठोकाठ भरला, तेव्हा तुळाजी बांधावर टेकला. म्हातारीनं आपल्या हातानं त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

"आता धू," ती म्हणाली. "अन् उद्या पुन्हा माखून घे. सभा काही संपली नाही अजून."

तात्पर्य: लोकांनी ज्याला पुढे बसवलं, त्यानं सर्वांत मागच्याचं भागल्याशिवाय आपलं काम संपलं असं समजू नये.