निरोप पोचेपर्यंत पाणी नाही

एकदा एका तरुण राजाचा सेनापती ऐन मोहिमेत कामी आला. शत्रू घाटमाथा धरून बसला होता, चार दिवसांनी खिंडीवर चाल करायचे ठरले होते, आणि सैन्याला धनी उरला नव्हता. योग्यतेचे सरदार दोन होते, रायाजी आणि सुभानजी. सैन्य कोणाच्या हाती द्यावे हे राजाला उमगेना, म्हणून त्याने माईंना साकडे घातले. माई म्हणजे मठात राहणाऱ्या एक वृद्ध साध्वी. राजाने लहानपणी त्यांच्याजवळच अक्षरे गिरवली होती. दोन्ही छावण्या पाहून निर्णय कळवते, असे सांगून माई निघाल्या. सोबत त्यांचा शिष्य पद्मनाभ होता.

पद्मनाभाचा जीव टांगणीला लागला होता. त्याचा धाकटा भाऊ पायदळात होता आणि खिंडीत पहिली तुकडी त्याचीच शिरणार होती. निवड चुकली तर ती कोणाच्या अंगावर येणार, हे त्याला वेगळे सांगायला नको होते. मनोमन त्याने निकाल लावूनही टाकला होता. रायाजींनी सात लढाया मारल्या होत्या. सुभानजी गेल्या साली एक गढी गमावून आले होते, वर एका पायाने अधू.

"माई, यात पाहण्यासारखं काय आहे?" तो वाटेत म्हणाला.

"अरे, मुलगी बघायच्या आधीच अक्षता टाकतोस की!" माई हसल्या.

सुभानजींची छावणी आधी लागली. माई सरदारांच्या तंबूकडे वळल्याच नाहीत. त्या थेट पागेत गेल्या, घोड्यांच्या चंदीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळचे मूठभर हरभरे बाहेर काढले. नदी उतरताना गाड्या भिजल्या होत्या. दाण्यांवर हिरवट बुरशी चढली होती. असले दाणे खाल्लेला घोडा पोटशूळाने आडवा होतो, आणि तोही नेमका चढावर.

समोर एक मोतद्दार घोड्याला खरारा करत होता. माई त्याला म्हणाल्या, "बाबा, हे तुझ्या सरदारांना सांग. निरोप त्यांच्या कानी पडेपर्यंत मी पाणी घेणार नाही." आणि त्या झाडाखाली बसल्या.

पद्मनाभ चकित झाला. वैशाखाचे ऊन, सत्तरी ओलांडलेला देह, आणि तिथी ना एकादशीची ना चतुर्थीची. मग ही निर्जळी कसली?

मोतद्दाराने जागेवरूनच आरोळी ठोकली, "सरदार! अहो सरदार! चंदी सडली!"

"कोण म्हणतं?" तंबूतून आवाज आला.

"मी म्हणतो! येऊन वास घ्या!"

सुभानजी लंगडत आले. त्यांनी वास घेतला, नदीला, गाड्यांना आणि स्वतःच्या नशिबाला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि सगळी पोती उलथी करायला लावली. मग त्यांचे लक्ष झाडाखाली गेले. "अहो माई, तुम्ही आणि उन्हात?" ओशाळून त्यांनी आपलाच तांब्या पुढे केला. माई पाणी प्यायल्या. घटकाही उलटली नव्हती.

पद्मनाभाला तो सगळा प्रकार गावंढळ वाटला. सरदाराला कोणी अशी हाक मारते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रायाजींच्या छावणीत पोचले. तंबू एका ओळीत, भाले लखलखीत, माणसे हळू आवाजात बोलणारी. पद्मनाभाचा ऊर भरून आला. माईंनी पुन्हा पोत्यात हात घातला. चंदी त्याच गाड्यांतून आलेली, बुरशीही तीच. पागेतल्या वयस्क मोतद्दाराला त्यांनी तोच निरोप दिला आणि त्या झाडाखाली बसल्या.

"होय माई," म्हणून मोतद्दार गेला. त्याने नाईकाला सांगितले. नाईक कोठीवाल्याशी बराच वेळ कुजबुजला. कोठीवाला कारभाऱ्याकडे गेला. सूर्य माथ्यावर आला तेव्हा कारभारी स्वतः थंड पाण्याची सुरई घेऊन आला.

"माई, चंदीला ऊन दाखवतोय. एवढ्यातेवढ्यासाठी सरदारांना कशाला त्रास? पाणी घ्या."

"त्यांना कळलं का?"

"कळेल की."

"मग मीही घेईन की."

पद्मनाभाला राहवेना. तो उठला आणि तडक रायाजींच्या तंबूत शिरला. रायाजी खिंडीचा नकाशा पाहत होते. त्यांनी तोंडभर हसून स्वागत केले. "या, या! कशी वाटली आमची छावणी?"

भोवतालचे दहा चेहरे पद्मनाभाकडे वळले. दहाही चेहऱ्यांवर एकच विनवणी होती.

"उत्तम," तो म्हणाला.

तंबू सैलावला. रायाजींनी त्याला आपल्या हाताने विडा दिला. तो विडा घेऊन पद्मनाभ परत आला. माईंनी विड्याकडे पाहिले, आणि डोळे मिटून घेतले.

उन्हे कलली. माईंच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, हातातली जपमाळ मधूनच थांबत होती. "निरोप पोचला का रे?" एवढेच त्यांनी एकदा विचारले. पद्मनाभाच्या डोळ्यांपुढे खिंड उभी राहिली. तिच्या तोंडाशी भाऊ होता, आणि मागे कोणीतरी सेनापतीला सांगत होते, सगळे उत्तम आहे. हातातला विडा त्याने फेकून दिला.

"सरदार," तंबूत शिरताच तो म्हणाला, "दुपारी मी खोटं बोललो. तुमची चंदी सडलीय. सकाळपासून सगळ्या छावणीला माहीत आहे, एक तुम्हालाच नाही. आणि माई पाण्यावाचून बसल्यात."

रायाजींनी कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने मान खाली घातली.

"सगळ्यांना?" रायाजींनी विचारले.

पाण्याचा तांब्या ते स्वतः घेऊन आले. माई घोट घोट प्यायल्या. रायाजी त्यांच्यासमोर मातीतच बसले.

"माई, मी कधी कोणावर हात उगारला नाही. शिवी दिली नाही. मग ही माणसं मला का सांगत नाहीत?"

"पागेत कानावर आलं, नदीचा उतार खोल आहे असं एक जण तुला सांगायला आला होता. त्याला काय म्हणालास?"

रायाजींना आठवायला वेळ लागला. "'तुला पोहता येत नसेल,' असं म्हणालो. सगळे हसले."

"तो हसला?"

"नाही," रायाजी म्हणाले.

"सुभानजी शिव्या देतो," माई म्हणाल्या, "पण सांगणाऱ्याला नाही. बाळा, तुझं शौर्य साऱ्या राज्याला ठाऊक आहे, ते पाहायला मी आलेच नव्हते. वाईट बातमी सेनापतीपर्यंत किती वेळात पोचते, तेवढं पाहायला आले. खिंडीत वरून धोंडे सुटतील तेव्हा पुढच्या माणसाला मागे ओरडावं लागेल. तो जर आधी नाईकाला शोधत बसला, तर?"

"म्हणजे सैन्य सुभानजींकडे."

"या मोहिमेपुरतं. तू त्याच्या उजव्या हाताला राहा. तुझ्यासारखी तलवार त्याच्याकडे नाही. आणि असा खचू नकोस रे. पाणी तूच घेऊन आलास ना?"

रायाजींनी पागेकडे पाहिले. मग त्यांनी सकाळच्या मोतद्दाराला हाक मारली. तो अंग चोरत पुढे आला.

"नाव काय तुझं?"

"भिकाजी, सरकार."

"भिकाजी, सकाळी सांगायचं राहिलं ते आता सांग. मी ऐकतोय."

भिकाजीने माईंकडे पाहिले. माईंनी मान हलवली. मग तो हलकेच म्हणाला, "सरकार... दोन घोडी कालच आडवी झाली."

रायाजी उठले नाहीत. हातानेच त्यांनी त्याला जवळ बसायला सांगितले. "आणखी?" त्यांनी विचारले.

पद्मनाभाने तिथेच राजाला पत्र लिहायला घेतले. माईंचा निर्णय त्यात होताच, पण पहिली ओळ होती ती त्याच्या स्वतःच्या 'उत्तम'ची.

आपल्या घरात काही फुटले, सांडले, नासले, तर ते आपल्याला सगळ्यांच्या आधी कळते की सगळ्यांच्या शेवटी, एवढे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे.