पुसलेली चौकट

एकदा एक तरुण शिष्य एका वृद्ध जाणत्याकडे वेबसाइट बांधण्याची विद्या शिकत होता. त्याचा हात वेगवान होता आणि त्याची त्याला थोडी घमेंडही होती. कोणतेही काम आले की तो आधी सीएसएस रिसेटची फाइल चढवी. प्रत्येक ब्राउझर आपल्या मर्जीने मथळे मोठे करतो, ओळींत अंतर सोडतो, बटणांना कडा देतो. ही फाइल ते सारे सपाट करते, मग पान सगळीकडे एकसारखे दिसते. शिष्याला हा सपाटपणा फार प्रिय होता.

एके दिवशी एक अत्तराचा व्यापारी आला. त्याची जुनी वेबसाइट शिष्याने नुकतीच नव्याने बांधली होती. व्यापाऱ्याचे हात कापत असत, माउस धरवत नसे. म्हणून कित्येक वर्षे तो टॅबची कळ दाबत पडद्यावरच्या एकेका बटणावरून पुढे सरके आणि मालाची नोंद स्वतः करी.

"वेबसाइट देखणी झाली," तो म्हणाला, "पण माझंच डोकं चालेनासं झालंय. गुलाबाची कुपी वाढवायला जातो आणि केवडा पुसून टाकतो. तीनदा झालं. सोमवारपासून दुकान पुतण्याकडे देतोय. त्याला तेवढं शिकवा."

शिष्याने समजूतदारपणे मान हलवली. दुसऱ्याच्या वयाबद्दल समजूतदार होणे सोपे असते.

वृद्ध उठला. त्याने शिष्याचा माउस काढून कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली व्यापाऱ्याच्या हाती दिली. मग म्हणाला, "आता शेठजींच्या मालाच्या नोंदीत गुलाबाची एक कुपी वाढव."

शिष्याला याचा अर्थ उमगेना. तो टॅब दाबत निघाला. पडद्यावर काहीच हलले नाही. आपण कोणत्या बटणावर आहोत, याचा मागमूस नव्हता. त्याने अंदाजाने कळ दाबली. केवडा पुसला गेला.

व्यापारी हसला नाही. तो पडद्याकडे बघतच राहिला.

"निवडलेल्या बटणाभोवती ब्राउझर एक चौकट काढतो," वृद्ध म्हणाला. "दिसायला ओबडधोबड. तुझ्या फाइलनं बाकी पसाऱ्याबरोबर तीही पुसली. शेठजी त्या चौकटीच्या आधारानं चालत होते. रिसेट वापरू नको, असं मी म्हणत नाही. मीही वापरतो. पण जे पुसतो ते कुणाच्या कामाचं होतं, हे आधी बघतो, आणि त्या जागी आपलं काही ठेवतो. ती फाइल तू कधी वाचलीस?"

"नाही, गुरुजी."

शिष्याने फाइलमधली चौकट पुसणारी ओळ शोधून काढली आणि तिच्या जागी नवी लिहिली. व्यापारी खुर्चीत बसला. कापत्या बोटाने त्याने टॅब दाबला. एक निळी चौकट एकेका बटणावरून पुढे सरकू लागली. त्याने केवडा परत आणला, गुलाब वाढवला.

"पुतण्याला कळवतो, सोमवारी येऊ नकोस म्हणून," तो म्हणाला, आणि कपाटाची किल्ली शिष्यापुढे ठेवून गेला.

शिष्याने कपाट उघडले नाही. माउसवाचूनच तो ती फाइल पहिल्या ओळीपासून वाचू लागला.