कुमुदताईंची वही

घाटमाथ्यावरच्या एका लॉजचं काउंटर कुमुदताई सांभाळत. एका सकाळी सभापती बाबाराव माणसं घेऊन तिथे धडकले. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेली बाई तिथेच उतरली होती.

"पाहुण्यांची वही दाखवा."

"कायद्याने दाखवता येत नाही, साहेब."

"कायदा आम्हाला शिकवू नका."

कुमुदताईंनी वही काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही. "तुम्हाला दाखवली, तर उद्या मागेल त्याला दाखवावी लागेल. पाच वर्षांत कोण, कधी, कोणाबरोबर उतरलं, सगळं यात आहे."

बाबाराव वाकून कुजबुजले, "माझं नाव आहे का हो यात?"

"चारचौघांत तेही सांगत नाही, साहेब."

बाबाराव ताठ झाले आणि माणसांवर खेकसले, "कायदा म्हणजे कायदा. चला."

बाई साक्षीला वेळेवर पोचली, हे सांगायला नकोच.