रावबाशेठच्या कुंकवाच्या काळ्या रेघा

रावबाशेठचं कुंकू दुकानांतून परत येऊ लागलं.

कुंकवात खोट नव्हती. खोट होती पुडीवरच्या बारकोडात. शेठने तो हट्टाने लाल छापवून घेतला होता. दुकानातलं मशीन लाल उजेड टाकतं, आणि त्या उजेडात लाल रेघा त्याला दिसत नाहीत. गल्ल्यावरचा माणूस पुडी उलटीसुलटी फिरवायचा, मशीन मुकंच. मागे रांग खोळंबायची. दुकानदारांनी कंटाळून खोकी परत धाडली.

शेठने हौसाला घरी बोलावलं. बाप थकल्यापासून छापखाना तीच चालवायची, आणि छापखाना जगत होता तो शेठच्या पुड्यांवर.

"मशीनने वाचलं पाहिजे," शेठ म्हणाले.

"वाचेल. काळ्या रेघा छापते."

"काळं अशुभ. माझ्या कुंकवाजवळ येता कामा नये."

"गडद निळ्या?"

"लांबून काळ्याच दिसतात. रेघा लालच हव्यात."

"लाल मशीनला दिसत नाही, शेठ."

"मग त्याला चष्मा लाव."

"दर दुकानात जाऊन? आणि नाक कुठलं शोधू त्याचं?"

"ते तुझं तू बघ. जमत नसेल तर सांग. शहरात छापखाने पुष्कळ आहेत."

काम गेलं तर छापखान्याला कुलूपच.

तेवढ्यात शेठच्या पत्नी, सगुणाकाकू, चहा घेऊन आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. हौसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "काकू, ते काळे मणी तेवढे उतरवून ठेवा."

काकूंचा हात गळ्याशी गेला. "जिभेला काही हाड, हौसा?"

"मी कोण सांगणारी? शेठचा हुकूम आहे. कुंकवाजवळ काळं नको. तुमचं कुंकू तर मण्यांपासून वीतभरही लांब नाही."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "असं म्हणालात? उतरवू?"

"अगं, हात काढ आधी!" शेठ ताडकन उठले. "मी चांगला धडधाकट आहे अजून!"

"देव तुम्हाला शंभर वर्षं देवो," हौसा म्हणाली. "पण घरच्या कुंकवाला काळे मणी शोभतात, तर पुडीतल्या कुंकवाने काय घोडं मारलंय?"

आधी काकू हसल्या. मग शेठ असे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला.

"छाप काळ्या रेघा," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि यंदापासून हळदीच्या पुड्याही तूच छापायच्या. आता जा बाई, माझ्या घरातलं आणखी काही उतरवायला सांगायच्या आत."

काकूंनी तिला थांबवून घेतलं आणि आतून कोरं इरकल लुगडं आणून हातावर ठेवलं. लालभडक, काळ्या काठांचं.