आप्पांचं दार

“आत कोण राहिलं?” मठातल्या अक्कामाईंनी विचारलं.

“कुणी नाही, माई.”

शिवगोंडा अंगणातल्या चिंचेखाली ताठ उभा होता. बायको पुढच्या दाराने आली होती, दोन्ही मुली मागच्या दाराने. अगदी ठरल्यासारखं.

महिन्यापूर्वी पलीकडच्या गल्लीत सिलिंडर पेटून एक घर बसलं, तेव्हापासून त्याने घरात हा सराव लावला होता. कुणी कुठून निघायचं, धुरात कसं वाकून चालायचं, बाहेर कुठे जमायचं. मठात उभं राहून त्याने चार लोकांना हे ऐकवलंही होतं. म्हणून तर माई आज “दाखव बघू” म्हणत घरी आल्या होत्या.

आतून खोकल्याचा आवाज आला.

माईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

“आप्पा आहेत,” तो म्हणाला. “पण वडलांची एक बाजू गेलीय, माई. अंथरुणावरच असतात. सरावापुरतं कशाला त्यांना हलवायचं? वेळ आली तर मी उचलीनच की.”

“बरं. उचल.”

तो आत गेला, मागोमाग बायको काशव्वा. खाटेवर वाकला आणि अडला. हात कुठे घालायचा तेच कळेना. आप्पांचं सगळं बायकोच करायची. त्याने मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा. आप्पांचं अंग हातातून निसटायला लागलं. आप्पांनी धड हाताने खाटेची कड धरली.

“राहू दे रे...” ते अडखळत म्हणाले. “सूनबाईला सांगून ठेवलंय मी. निघताना माझं दार ओढून घे म्हणून. धूर तेवढाच उशिरा येईल तुमच्या मागं.”

शिवगोंडाने बायकोकडे पाहिलं. “कधी सांगितलं?”

“तुम्ही बाहेरच्या सोप्यात बसून आम्हाला दारं वाटून देत होता, त्याच दिवशी,” काशव्वा म्हणाली. “त्यांना सगळं ऐकू येतं.”

“चांगलं बसवलंयस तू सगळं,” आप्पा म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नको.”

बापाच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना.

“उचलून नाही व्हायचं,” काशव्वा हळूच म्हणाली. “गोधडीसकट ओढायला लागेल.”

दोघांनी मिळून आप्पांना गोधडीसकट खाली घेतलं. शिवगोंडाने डोक्याकडची टोकं धरली आणि ओढत निघाला. उंबऱ्यावर पाठ आपटली तसे आप्पा कण्हले.

“थांबू, आप्पा?”

“...ओढ.”

चिंचेखाली आल्यावर उजेडाने आप्पांचे डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी ते घराबाहेर आले होते. कुंपणापलीकडून शेजारी बघत होते. शिवगोंडा त्यांच्या उशाशी मातीतच बसला. मान वर होत नव्हती.

“माई, मठात मी एवढं बोललो...”

माई वाकून आप्पांची पाठ चाचपत होत्या.

“चुकलं माझं. आता काय करू, सांगा.”

माईंनी मुलींकडून चटई मागवली, आप्पांना तिच्यावर सरकवलं. गोधडीची माती झटकली. ती घेऊन त्या आत गेल्या, खाटेशेजारी जमिनीवर अंथरली आणि त्याला हाक मारली.

तो दारात येऊन उभा राहिला.

“आता तू आडवा हो,” माई म्हणाल्या. “पोरींना ओढू दे.”