कापलेले दोन सेकंद

फार वर्षं नाही झाली, पण संगणकाच्या मानाने युगच लोटलं. व्हिडिओ एडिटिंगच्या एका टाइमलाइनवर लग्नाच्या क्लिपा ओळीने बसल्या होत्या. कात्रीने पाठवणीच्या क्लिपचे शेवटचे दोन सेकंद कापले. त्यात गाडी गेल्यावरचा नुसता रिकामा रस्ता होता.

क्लिप मुसमुसली, "एवढंही जड झालं का गं, कात्रीताई?"

"वेडाबाई, मी काही फेकत नाही. तुझ्याच पोटात दडवलंय. असू दे."

एडिटिंग करणाऱ्या शुभदाताईंनी व्हिडिओ लावून पाहिला. गाडी वळणाआड जाते न जाते तोच पुढच्या क्लिपमधली नवरी हसत माप ओलांडू लागली.

"अगंबाई! पोरीने डोळे तरी पुसले का?" म्हणत ताईंनी दोन्ही क्लिपांच्या सांध्यावर डिझॉल्व्ह ठेवला.

डिझॉल्व्ह म्हणाला, "एक दृश्य विरता विरता मी दुसरं उमटवतो. पण विरायला कुणाकडे काही शिल्लक आहे का?"

पाठवणीच्या क्लिपने पोटातला रस्ता हळूच पुढे केला.

आता त्या रिकाम्या रस्त्यातूनच नव्या घराचा उंबरठा उमटतो. नवरीची आई व्हिडिओ पाहताना दर वेळी तिथेच मुलाला म्हणते, "जरा थांबव रे."