केस ठेवण्याचे वेगळे पैसे

“...आणि केस न काढता होत असेल, तर तेवढं सांगा, भंते. बाकी सगळं करतो.”

“सगळं?”

“सगळं. चीवर नेसतो, चटईवर झोपतो, बाराच्या आत जेवतो. फोन तर आल्या आल्या जमा केला. फक्त केस...”

“हं.”

प्रसेनजित बनसोडने घसा खाकरला. “त्याचे वेगळे द्यायला मी तयार आहे.”

भंते नागघोष विहाराच्या पायरीवर बसून भिक्षापात्र पुसत होते. त्यांचा हात थांबला.

“कशाचे वेगळे?”

“केस ठेवण्याचे. म्हणजे... दानच म्हणा. सगळ्या शिबिराचं दहा दिवसांचं जेवण माझ्याकडून.”

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या केसांकडे पाहिलं. केस चांगले होते. दाट, मागे वळवलेले, कानशिलांवर जेमतेम पिकलेले.

उमरेडच्या पुढे आडबाजूला असलेल्या या विहारात दरवर्षी दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर भरायचं. कुणीही यावं, मुंडन करावं, चीवर घ्यावं, दहा दिवस भिक्खूसारखं राहावं आणि अकराव्या दिवशी आपल्या घरी, आपल्या कामाला परत जावं. प्रसेनजितच्या आईची एवढी एकच मागणी होती. “एकदा बसून ये रे बाबू,” ती दरवर्षी म्हणायची. “यंदा जमत नाही आई, पुढच्या वर्षी नक्की,” तो दरवर्षी म्हणायचा. असं नऊ वर्षं चाललं. यंदाच्या माघात आई गेली, आणि आता कुणी विचारत नसताना तो पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून आला होता.

दहाला दीक्षा होती. मुंडन झालेल्यालाच ती मिळणार, बाकीच्यांनी दुपारच्या एसटीने परत जावं, असा इथला नियम. साडेनऊ वाजून गेले होते.

“नोकरीची अडचण आहे का?” भंतेंनी विचारलं.

“हो ना. बाराव्या दिवशी परदेशातले साहेब येताहेत. त्यांच्यापुढे मला किमतींची यादी मांडायची आहे.”

“टक्कल करून मांडता येत नाही?”

“तसं नाही, पण...”

“कशाच्या किमती?”

“मोटारींच्या. स्पोर्ट्स कार. भारी असतात, भंते. पण मी गाडीची किंमत ठरवत नाही. मी वरच्या गोष्टींची ठरवतो.”

“टपाची?”

“नाही, नाही. गाडीबरोबर गिऱ्हाईक आणखी काय काय मागतं ना, त्याची. वेगळा रंग, वेगळी शिलाई. खरी कमाई तिथंच असते.” प्रसेनजित नकळत पायरीवर बसला. आपल्या कामाबद्दल बोलताना त्याचा आवाज नेहमीच थोडा चढायचा. “कंपनीत माझ्याइतकी ही गोष्ट कुणाला कळत नाही. हे मी सांगत नाही, साहेब लोक सांगतात.”

“एखादी सांगा की.”

“आता बघा, पिवळा पट्टा. सीटवर बसलं की छातीवरून लावतात तो. काळा फुकट. पिवळा हवा असेल तर छोट्या गाडीत चाळीस हजार. मधल्या गाडीत साठ. मोठ्या गाडीत एक लाख दहा.”

“मोठ्या गाडीत पट्टा लांब लागतो?”

“नाही. तोच पट्टा. एकाच कारखान्यातला, एकाच गुंडाळीवरचा.”

“मग मोठ्या गाडीत तो जास्त पिवळा दिसतो?”

प्रसेनजितला हसू आलं. “भंते, किंमत पट्ट्याची नसते. घेणाऱ्याची असते. मोठ्या गाडीवाल्याला चाळीस हजार सांगितले, तर त्याला वाटतं, काहीतरी हलकं देताहेत.”

“आणि एक लाख दहा सांगितले की?”

“दोन मागतो.”

भंते खदखदून हसले. त्यांना मोठी गंमत वाटत होती. त्यांनी पात्र बाजूला ठेवलं आणि ते जरा पुढे सरकून बसले.

“आणखी सांगा.”

“किल्लीला गाडीचाच रंग. अडतीस हजार.”

“किल्ली खिशात ठेवतात ना?”

“टेबलावर ठेवतात, भंते. चारचौघांत. सहज ठेवल्यासारखी.”

“अस्सं!”

“एसीचा वारा येतो त्या झडपा असतात. त्यांना चामडं शिवून देतो आम्ही.”

“वाऱ्याला?”

“झडपांना. पण हो, वाऱ्यालाच म्हणा.”

भंते इतके हसले की स्वयंपाकघराच्या दारातून पारबताबाईंनी डोकं बाहेर काढलं. शिबिराचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता, आणि पळीही त्यांच्या हातातच होती.

“काहून हसून राहिले जी भंते?”

“अहो, हे वाऱ्याला चामडं घालतात!”

“घालू द्या ना,” पारबताबाई म्हणाल्या. “वरणाले उकळी येऊन राहिली, अन् तुमचं काय चाललं त!” आणि डोकं आत गेलं.

प्रसेनजितही आता मोकळा हसत होता. आई गेल्यापासून इतकं हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“पण सगळ्यांत महाग काय असतं, सांगा,” तो म्हणाला. ही त्याची हुकमी गोष्ट होती. साहेब लोकांनाही तो ती शेवटी सांगायचा.

“मला काय माहीत! सोन्याचं काही?”

“काहीच नसणं.”

“म्हणजे?”

“मोठ्या गाडीचाच एक वजनाने हलका प्रकार असतो. त्यातून आम्ही गोष्टी काढून टाकतो. गाणी वाजवायचं यंत्र काढतो. मागची सीट काढतो. दाराचं हँडलसुद्धा काढतो आणि तिथं कापडाची एक नाडी लावतो. ओढायला.”

“मग ती स्वस्त पडत असेल.”

“सगळ्यांत महाग. काढल्याचे आम्ही जास्त लावतो, भंते. आणि त्या गाडीसाठी दोन-दोन वर्षं लोक नंबर लावून थांबतात.”

या वेळी भंते हसले नाहीत. त्यांचे डोळे मात्र लकाकले.

“बनसोड.”

“जी.”

“काढून टाकण्याचे पैसे सगळ्यांत जास्त?”

“हो.”

“हे तुम्हीच ठरवलंत?”

“मीच.”

“आणि तुम्हीच आता मला ठेवण्याचे पैसे देताय?”

कंपनीतल्या कुठल्याही बैठकीत प्रसेनजितला इतक्या सहज कुणी धरलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर त्याला राग आला असता. इथे मात्र आधी कान तापले आणि मग पोटातून हसू आलं.

“फसलो,” तो म्हणाला.

“फसलात,” भंते आनंदाने म्हणाले.

“बरं, मग काढण्याचे किती?”

“आमच्याकडे एकच मॉडेल आहे हो. एसटीच्या ड्रायव्हरला तेच, प्रोफेसराला तेच. वरचं काही मिळत नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आता खरं सांगा. केसांचं काय आहे?”

“साहेब लोक...”

“ते सांगून झालं.”

प्रसेनजितने अंगणाकडे पाहिलं.

अंगणात निंबाच्या सावलीला मुंडन चाललं होतं. स्टुलावर एकेक जण बसत होता. दौलतकाका शेंडे, मुंडन करणारे जुने उपासक, वस्तरा चालवत होते. या विहारात एक रीत होती. केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. घरच्या माणसाने समोर खाली बसायचं, पांढरं फडकं पसरून धरायचं आणि त्यात केस झेलायचे. कुणाची आई बसली होती, कुणाची बायको. एका पोरगेल्या कंडक्टरची आई केस झेलता झेलता दौलतकाकांनाच, मागे कानाजवळ राहिले बघा, असं सांगत होती आणि सगळे हसत होते.

“फडकं तिनं आणून ठेवलं होतं,” प्रसेनजित म्हणाला. “नऊ वर्षांपूर्वीच. ट्रंकेत, घडी करून. दरवर्षी धुऊन ठेवायची.”

“आणलंय?”

त्याने मान हलवली. पिशवीतून फडकं काढलं. धुऊन धुऊन ते दुधाच्या सायीसारखं मऊ झालं होतं.

“मी केस काढेन, भंते. केसांचं काही नाही. पण समोर... तिथं कुणी नसेल ना. तेवढं मला बघवणार नाही.”

भंते उठले. त्यांनी प्रसेनजितच्या हातातलं फडकं घेतलं, पायऱ्या उतरले आणि अंगणातून सरळ निंबाखाली गेले. प्रसेनजितला त्यांच्यामागे जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

“बसा,” त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं.

तो बसला.

मग पंचाहत्तरी ओलांडलेले भंते नागघोष एक हात गुडघ्यावर टेकून त्याच्यासमोर मातीत खाली बसले. चीवर सावरलं. फडकं दोन्ही हातांनी पसरून धरलं.

अंगणातलं हसणं थांबलं. गुरू खाली बसले आहेत आणि शिष्य वर बसला आहे, असं इथे कुणी कधी पाहिलं नव्हतं. दौलतकाकांचा वस्तरा हवेतच राहिला. प्रसेनजित ताडकन उठायला लागला.

“भंते, तुम्ही नका...”

“बसा हो. माझे गुडघे एकदाच वाकतात.”

पारबताबाई पळी टाकून धावत आल्या. “उठा जी भंते, द्या इकडं. मी धरते ना!”

“तुम्ही वरण पाहा.”

“वरण उतरवलं.”

“मग भात पाहा.”

कंडक्टरची आई फिसकन हसली. तिच्या पाठोपाठ कंडक्टर हसला, दौलतकाका हसले, आणि अंगण पुन्हा होतं तसं झालं.

पाणी डोक्यावर आलं. थंड होतं. वस्तरा कपाळापासून मागे गेला आणि पहिली बट फडक्यावर पडली. प्रसेनजितने ती पाहिली. तेवढ्यात वस्तरा कानामागे गेला आणि त्याला अशी काही गुदगुली झाली की तो खुदकन हसला.

“हलू नका ना जी,” दौलतकाका ओरडले. “कान जाईल!”

“कानाचे वेगळे घेऊ नका,” भंते खालून म्हणाले.

आता त्याला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं होतं हे त्याने पाहिलं नाही. खाली भंतेंचे दोन सुरकुतलेले हात फडकं ताणून धरून होते. बट पडेल तसे ते कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत होते. एकही केस त्यांनी मातीत पडू दिला नाही.

विहारातली घंटा झाली. दहा वाजले होते.

दौलतकाकांनी ओल्या हाताने त्याचं डोकं पुसलं. निंबातून आलेला वारा टाळूला लागला, आणि प्रसेनजित दचकला. असा वारा त्याला कधी लागलाच नव्हता. त्याने हळूच हात वर नेला, डोक्यावरून फिरवला, आणि पुन्हा एकदा फिरवला.

भंतेंनी फडक्याची चारी टोकं एकत्र आणली. लहानसं गाठोडं झालं, मुठीत मावेल एवढं. ते त्यांनी तळहातावर घेतलं, तोलून पाहिलं... हात एकदम खाली गेल्यासारखा केला.

“बाप रे!” ते म्हणाले. “एवढं घेऊन हिंडत होतात?”